पाच ओळींचे स्मारक

दिवाळी अंकात मरणाची कविता कशाला, असे कोणी विचारील. पण सणाचा दिवा लावताना घरातले गेलेले माणूस आठवतेच. तेव्हा वाचकहो, एका परक्या देशातल्या पोराची आठवण येथे काढली, तर ती अस्थानी ठरू नये.

रँडल जॅरेल या अमेरिकन कवीची ‘द डेथ ऑफ द बॉल टरेट गनर’ ही १९४५ सालची कविता अवघ्या पाच ओळींची आहे. बॉल टरेट म्हणजे बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली बसवलेला धातूचा व काचेचा गोल. त्यात दोन मशीनगनी आणि त्यांच्यामध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक गनर. जागा इतकी अपुरी, की अंगावर पॅराशूट चढवायलाही सहसा वाव नसे. जॅरेल १९४२ साली हवाई दलात गेला, पण लढाईवर गेला नाही. ताऱ्यांवरून दिशा कशी ओळखावी हे तो विमानातल्या मुलांना शिकवी. मुले जात, तो मागे राही. या मागे राहण्यातूनच ही कविता जन्मली असावी, असे मला वाटते.

आईच्या उदरातून निघालेला जीव येथे सरळ राज्यसंस्थेच्या उदरात जाऊन पडतो. मध्ये तारुण्य नाही, प्रेम नाही, नावदेखील नाही. बोलतो तो मेलेला गनरच. पण शेवट एखाद्या झाडलोटीच्या नोंदीइतका कोरडा. आपल्या वीरस्मरणाच्या कवितांत ‘अमर’ हा शब्द फार सहज येतो. येथे मेलेला मेलेलाच राहतो, आणि म्हणून तो विसरता येत नाही.

पुष्कळ वर्षे मी ही कविता परिपूर्ण मानीत आलो. आज तसे म्हणवत नाही. त्या विमानातून खाली जे पडले, ते कोणाच्या घरावर? याविषयी पाच ओळींत अक्षर नाही. करुणा त्या काचेच्या गोलाबाहेर येतच नाही. ही उणीव जॅरेलनेच ‘लॉसेस’ या कवितेत भरून काढली आहे. तेथे विमानातल्या मुलांना उमगते, की आपण जाळली ती शहरे शाळेत शिकलेलीच होती. आणि अखेरीस ती शहरेच मेलेल्याला मरणाचे कारण पुसतात.

इंग्लंडात रनीमीड येथे १९५३ साली उघडलेल्या स्मारकावर, ज्यांना थडगेही लाभले नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेली आहेत. तेथे नावे आहेत, गोष्ट नाही. जॅरेलकडे गोष्ट आहे, नाव नाही. दोन्ही एकत्र ठेवली तरी स्मरण पुरे होत नाही. खाली जळालेल्या घराचाही त्यात वाटा आहे.

म्हणून या दोन कविता मी आता नेहमी एकापाठोपाठ वाचतो: आधी वरच्या मुलासाठी, मग खालच्या शहरासाठी.