पद्मिनीच्या घराण्यातली शर्यतीची गाडी

नांदेड-लातूरच्या ज्या मिस्त्रींनी प्रीमियर पद्मिनीची इंजिनं उघडली, त्यांना एन्झो फेरारीची १९४० सालची ‘८१५’ निम्मी तरी ओळखीची वाटेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून नव्वदच्या दशकातही बाहेर पडणारं १०८९ सीसीचं इंजिन मूळचं १९३७ च्या ‘फियाट ५०८ सी’चं. दान्ते जाकोसा यांच्या हातचं. आणि ‘८१५’चा जन्म झाला तो याच फियाटच्या भागांतून.

१९३९ च्या डिसेंबरात मोदेनाचा शर्यतपटू लोतारियो रांगोनी ब्रेशियाच्या शर्यतीसाठी दोन नव्या गाड्या मागायला फेरारींकडे आला. शर्यत जेमतेम चार महिन्यांवर आलेली. अल्फा रोमिओ सोडताना झालेल्या करारामुळे फेरारींना शर्यतीत स्वतःचं नाव वापरायची मुभा नव्हती, म्हणून गाडीला नुसता आकडा मिळाला: आठ सिलिंडर, दीड लिटर.

खरी बहार इंजिनात आहे. दोन बैलजोड्या एकाच नांगराला जुंपाव्यात तशी फियाटची दोन हेडं एकामागे एक बसवली. कनेक्टिंग रॉडही फियाटचेच. ब्लॉक मात्र बोलोन्यात ॲल्युमिनियमचा नवा ओतला, क्रँक नवा केला. फियाटचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. इथे ते ६३ आणि ६० झाले. ही आकडेमोड मला फार देखणी वाटते. मिनिटाला ५५०० फेऱ्यांना ७५ च्या स्ट्रोकमध्ये पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेचौदा मीटर होतो. ६० मध्ये तो ११ वर येतो. म्हणजे साध्या घरगुती गाडीचे रॉड वापरूनही इंजिन उंच फेऱ्यांवर तासन् तास पळवायची सोय झाली. चार वेबर कार्ब्युरेटर, ७५ अश्वशक्ती. मिलानच्या ‘तुरिंग’ने ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी केली, तिचं वजन अवघं ५४ किलो! अख्खी गाडी ६२५ किलोची, वेग ताशी १७० किलोमीटरपर्यंत.

२८ एप्रिल १९४० ला ब्रेशियाच्या शर्यतीत दोन्ही गाड्या उतरल्या: एक रांगोनीची, दुसरी अल्बर्तो आस्कारीची. पहिल्या फेरीत दीड लिटरच्या गटात आस्कारी पुढे होता; त्याची गाडी बंद पडल्यावर रांगोनीने आघाडी घेतली आणि ती अर्ध्या तासावर नेली. शेवटच्या फेऱ्यांत तीही थांबली. एकूण शर्यत बीएमडब्ल्यू ३२८ ने जिंकली. निकालाच्या तक्त्यात ‘८१५’ शून्य. पण गटात अर्ध्या तासाची आघाडी मिळवणाऱ्या रचनेला मी फसलेली म्हणणार नाही. तिला वेळ मिळाला नाही, एवढंच.

रांगोनी महायुद्धात गेला, त्याची गाडी पुढे भंगारात निघाली. आस्कारीची मात्र इटलीत अजून शाबूत आहे, आणि तो स्वतः १९५२ व १९५३ मध्ये फेरारीच्याच गाडीवर विश्वविजेता झाला.

आपल्याकडच्या एखाद्या शेडमध्ये पद्मिनी गंजत उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. तिचं इंजिन नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेला किंवा लातूरच्या पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनाला देऊ करा. पोरांना ते उघडून बघू द्या.