स्फोटानंतरचे स्मृतिलेख : मित्र कुठे आहे?

दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या मित्रावर बरसीला छापून येणारे लेख आम्ही नेमाने वाचतो. बहुतेकांत स्फोटाची वेळ असते, धूर असतो, सरकारी मदतीचा आकडा असतो. मित्र तेवढा नसतो. हसतमुख, मनमिळाऊ, नमाजी अशा तीन शब्दांत त्याला उरकलेले असते. आमच्या शनिशिंगणापूरला येणारे पाहुणे बिनदाराच्या चौकटीचे फोटो काढतात, आत कोण राहते ते विचारत नाहीत. तशातलाच हा प्रकार.

उर्दूत खाका नावाचा प्रकार आहे. मंटोने 'गंजे फरिश्ते'मध्ये अभिनेता श्याम या जिवलग दोस्तावर लिहिले. श्याम १९५१ साली घोड्यावरून पडून गेला. मंटो त्याची दारू लपवत नाही, बायकांमागे धावणे लपवत नाही. फाळणीच्या दंगलीत होरपळून आलेल्यांच्या कहाण्या ऐकताना आपण तुलाही मारू शकलो असतो, असे श्याम त्याला सांगतो, तेही मंटो लिहितो. आणि तरी दोस्ती उरते! असे लिहायला कलेजा लागतो.

आपल्या लेखकांकडे तो नाही, असे म्हणून हात झटकणे मात्र अन्यायाचे होईल. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. मालेगावात बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात स्फोट झाले, तिसाहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही. पुढे पकडले गेले ९ मुसलमानच. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले २०१६ साली. म्हणजे ज्या मोहल्ल्यातला जनाजा, त्याच मोहल्ल्यावर संशय. अशा दहा वर्षांत मित्राचा तापटपणा, उधारी, पोलिसाशी घातलेली हुज्जत कोण कागदावर आणील? मेलेला माणूस आधी बेकसूर सिद्ध व्हावा लागतो, मग तो माणूस. 'नमाजी' हा शब्दही आम्हाला कित्येकदा चारित्र्याच्या दाखल्यासारखा वाटतो. २००८ च्या भिक्कू चौकातल्या स्फोटाचे सगळे आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तिथल्या मृतांवर लिहिणाऱ्याने लेखाचा शेवट काय करावा?

त्या स्फोटाचा तपास करणारे हेमंत करकरे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गेले. त्यांच्या कन्या जुई करकरे नवरे यांनी २०१९ मध्ये वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मुलीचा, पत्नीचा शोक लोक मानतात, मदतीच्या अर्जातही त्यांना रकाना असतो. दोस्ताला रकाना नाही. खरे तर घरच्यांना जे माहीत नसते ते त्यालाच माहीत असते.

तेव्हा मालेगावच्या एखाद्या यंत्रमाग कामगाराने आपल्या जोडीदारावर लिहावे. कोणत्या हॉटेलात चहा, कोणत्या सिनेमावरून भांडण, कोण कोणाचे किती देणे लागत होता, हे सगळे. उर्दूत लिहिले तरी चालेल, मराठी आम्ही करून देऊ.