पिशाचांचा दुष्टपणा आणि माणसांचा

आमच्या रंगभूमीवरील खलपुरुषांचें भाग्य मोठें आहे. नायकाची आम्ही स्तुति करितों. पण नाटक संपल्यावर घरच्या वाटेला आमच्याबरोबर येतो तो 'भावबंधनां'तील घनश्याम, किंवा 'एकच प्याल्यां'तील तळीराम. ह्याचें कारण आम्हांस दुष्टपणा आवडतो हें नव्हे. घनश्याम हा अपमानानें पोळलेला मनुष्य आहे, आणि तळीरामाला आपल्या प्याल्याला सोबती हवा आहे. म्हणजे त्या दोघांनाही कांहीं तरी हवें आहे, व तें आपणांसही कधीं ना कधीं हवेंसें वाटलेलें असतें. ज्या खलपुरुषास असें कांहींच नको असतें, तो कितीही ओरडला तरी रंगमंचावरील लांकडी खांबाइतकाच निर्जीव राहतो.

भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाराला ह्या बाबतींत एक मोठी पळवाट असते. 'हा इतका क्रूर कां?' ह्या प्रश्नाला 'तो पिशाच आहे म्हणून' एवढें उत्तर त्यास पुरतें, आणि पुष्कळ लेखक ह्या पळवाटेनें आयुष्यभर ये-जा करितात. प्रथम ती पळवाट मोठ्या हौसेनें बांधून, मग सात वर्षें तिच्या तोंडाशीं एकेक दगड रचीत गेलेली एक कृति म्हणून 'बफी द व्हँपायर स्लेअर' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका आम्हांस विचारार्ह वाटते. १० मार्च १९९७ रोजीं सुरू होऊन ती २० मे २००३ रोजीं संपली. सात पर्वें व १४४ भाग असा तिचा पसारा आहे. नांव थिल्लर आहे हें आम्हांस कबूल आहे. परंतु केवळ ह्या मालिकेच्या अभ्यासासाठीं 'स्लेएज' नांवाचें एक विद्वत्-नियतकालिक २००१ सालीं निघालें, तें कांहीं नांवाला भुलून नव्हे. (प्राध्यापकांना हल्लीं विषय कमी पडूं लागले आहेत असें कोणी म्हणेल, तर त्यावर आमच्यापाशीं चोख उत्तर नाहीं.)

कथावस्तु साधी आहे. कॅलिफोर्नियांतील सनीडेल ह्या कल्पित गांवीं शाळेच्या ग्रंथालयाखालीं नरकाचें तोंड आहे. त्याच्या ओढीनें गोळा होणाऱ्या पिशाचांचा नाश करण्याचें काम नियतीनें बफी समर्स ह्या शाळकरी मुलीवर सोंपविलें आहे. तिच्या हातीं लांकडी खुंटी, पाठीशीं जाइल्स नांवाचा इंग्रज ग्रंथपाल, आणि सोबत दोन-चार मित्र. व्हँपायर म्हणजे रक्तपिपासू प्रेत. त्याच्या काळजांत खुंटी शिरली कीं त्याची धूळ होते. मागें देह उरत नाहीं, पोलिसांचा तपास नाहीं, आणि म्हणूनच पश्चात्तापही नाहीं. मारण्याची इतकी स्वच्छ सोय क्वचितच कोणा नायिकेला मिळाली असेल.

ह्या सोयीच्या मुळाशीं मालिकेचा एक सिद्धान्त आहे. मनुष्य व्हँपायर झाला कीं त्याचा 'सोल' निघून जातो. शरीर व स्मृति मागें राहतात, व त्यांत एक सैतानी जीव वस्तीस येतो. मराठी वाचकास येथें ठेंच लागते. आपल्याकडे आत्मा हा असा काढतां-घालतां येणारा पदार्थ नव्हे. तो राक्षसालाही आहे. बिभीषण राक्षसकुळांतला, प्रल्हाद दैत्यकुळांतला. आपलें भूतसुद्धां कांहीं वासना अतृप्त राहिली म्हणून पिंपळावर बसतें, आणि त्याला घालवावयाचें तर आधीं त्याचें गाऱ्हाणें ऐकून घ्यावें लागतें. तेव्हां 'सोल' म्हणजे आत्मा असें भाषांतर करून चालणार नाहीं. ती सदसद्विवेकबुद्धि आहे. किंबहुना, आपण केलेलें कृत्य आपणांसच सलत राहण्याची शक्ति आहे. हें एकदां ध्यानीं घेतलें कीं मालिकेंतील पुष्कळसें गूढ गळून पडतें आणि एक साधा पण अवघड प्रश्न उरतो: ज्याला आपलें कृत्य सलत नाहीं त्यास मारणें हा न्याय, कीं नुसती सोय?

पहिल्या पर्वांत हा प्रश्न कोणाच्या स्वप्नींही नाहीं. तेथील 'मास्टर' हा जुनाट व्हँपायर म्हणजे मुलांना भिवविण्याचा बागुलबोवा होय. खरा आरंभ दुसऱ्या पर्वांत, एंजलपासून होतो. ह्या व्हँपायरला १८९८ सालीं रोमानी लोकांनीं शाप देऊन त्याचा विवेक परत केला, अशी कल्पना आहे. उःशाप म्हणून नव्हे, शाप म्हणून! शंभर वर्षांच्या पापांची यादी रोज सकाळीं आठवत राहावी ही ती शिक्षा. शापाला अट एवढीच कीं त्याला क्षणभर निर्भेळ सुख लाभलें तर विवेक पुन्हा नाहींसा होईल. बफीवर त्याचें प्रेम जडतें; तिच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्रीं तें सुख त्यास लाभतें, आणि पुढच्या भेटींत तिला दिसतो तो दुसराच कोणी तरी पुरुष. तो तिच्या नरडीस दांत लावीत नाहीं. तो आळसावून हंसतो आणि झाल्या गोष्टीची थट्टा करितो. असा पुरुष भेटण्यास पिशाचलोकाची आवश्यकता नाहीं, हें ती मालिका पाहणाऱ्या कोणत्याही मुलीला सांगावें लागलें नसेल. रूपक म्हणतात तें हें. मात्र रूपकाची एक अट असते. खाडिलकरांच्या 'कीचकवधां'त (१९०७) प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, व १९१० मध्यें त्यावर बंदी आली. परंतु कीचक हा कीचक म्हणून आधीं जिवंत झाला नसता तर कर्झन कोणालाच दिसला नसता. एंजल त्या कसोटीस उतरतो. तो ग्रंथपालाच्या प्रियेचा खून करून तिचें प्रेत त्याच्याच घरीं, गुलाबपुष्पांची आरास करून मांडून ठेवितो, तेव्हां रूपकाचा विचारही आपल्या मनांत येत नाहीं.

परंतु आमच्या मतें ह्या मालिकेंतील सर्वोत्तम खलपुरुष तिसऱ्या पर्वांतील नगराध्यक्ष रिचर्ड विल्किन्स हा होय, आणि त्याच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें आम्हांस भाग आहे. हॅरी ग्रोनर ह्या नटानें ही भूमिका केली आहे. हा गृहस्थ शंभराहून अधिक वर्षें जगला आहे. पिशाचांना खाद्य मिळावें म्हणूनच त्यानें हें गांव वसविलें. आणि शाळेच्या पदवीदान-समारंभाच्या दिवशीं त्यास प्रचंड सर्परूप धारण करून विद्यार्थ्यांना गिळावयाचें आहे. एवढ्यावरून आपल्या डोळ्यांपुढें जी मूर्ति उभी राहते, तिच्याशीं प्रत्यक्ष मनुष्याचें कांहीं एक जुळत नाहीं. तो हंसतमुख आहे. त्याला जंतूंची भीति वाटते. त्याच्यासमोर कोणी अपशब्द उच्चारलेला त्यास खपत नाहीं. सभ्य, नीटनेटका, वेळेचा पक्का; आपल्यापैकीं कोणाच्याही ओळखीचा, नगरपालिकेंत चार कामें करून देणारा सद्गृहस्थ. त्याच्या पापाचा आणि त्याच्या सौजन्याचा कोठेंच झगडा होत नाहीं, हीच त्याची भयानकता. सौजन्य हा त्याचा मुखवटा असता तर आपण सुटलों असतों; मुखवटा केव्हां तरी गळून पडतो. येथें गळून पडण्यासारखें कांहीं नाहीं. तो खरोखरच सुजन आहे, आणि खरोखरच मुलांना गिळणार आहे.

त्याच्या आश्रयाला येते ती फेथ. हीसुद्धां बफीसारखीच पिशाचांचा संहार करणारी. पण हिला घर नाहीं, आई नाहीं. एका रात्रीं अंधारांत, पिशाच समजून, तिची खुंटी एका जिवंत माणसाच्या छातींत शिरते. धूळ होत नाहीं. प्रेत राहतें, रक्त राहतें. दोन पर्वें जी सोय आपण निमूटपणें भोगली तिची किंमत ह्या एका प्रसंगांत वसूल होते. बफी हादरते, फेथ 'मला त्याचें कांहीं नाहीं' असें दाखविते, आणि त्या दाखविण्यांतच तिचा नाश आहे. नगराध्यक्ष तिला राहावयास घर देतो, दूध पी म्हणून सांगतो, फुलाफुलांचा झगा आणून देतो. ह्या मुलीला आयुष्यांत प्रथमच बाप मिळतो, आणि तो असा! लेखकांचें धैर्य येथें आहे कीं त्यांनीं ही माया खोटी ठरविली नाहीं. फेथ बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पडते तेव्हां तो खचतो, आणि शेवटीं त्याचा घात होतो तो ह्याच मायेमुळें: बफी फेथचा सुरा दाखवून त्या सर्पाला चिडविते, व तो भान विसरून तिच्या मागें लागतो. खलपुरुषाचा नाश त्याच्या एकमेव सद्गुणानें व्हावा, ही कल्पना कोणत्याही मोठ्या नाटककारास शोभली असती.

ह्याच पर्वाला बाहेरच्या जगाचा एक विलक्षण स्पर्श झाला. २० एप्रिल १९९९ रोजीं कॉलरॅडो संस्थानांतील कोलंबाइन शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं बंदुका घेऊन आपल्या सहाध्यायांना ठार केलें. त्यामुळें, शाळेंत बंदूक घेऊन आलेला विद्यार्थी ज्यांत होता तो भाग सप्टेंबरपर्यंत, आणि पदवीदानाचा अखेरचा भाग जुलैपर्यंत रोखून धरावा लागला. पिशाचें कोणाला खुपत नव्हतीं, बंदूक खुपली. मालिकाकारांनीं ही गोष्ट लक्षांत ठेविली असो वा नसो, तीन वर्षांनीं त्यांनीं स्वतःच बंदूक काढली.

मधल्या पर्वांविषयीं फार लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. चौथ्यांतील, यंत्र व राक्षस यांची मोट बांधलेला ॲडम हा मुख्य खल असून कंटाळवाणा आहे. पण त्याच पर्वांतील 'हश' ह्या भागांत सबंध गांवाचा आवाज चोरणारे, सूटबूट घातलेले, मंद स्मित करणारे ते 'जंटलमेन' एकदां पाहिले म्हणजे विसरत नाहींत. पांचव्या पर्वांत बफीची आई मरते. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते, इतकेंच. पिशाच नाहीं, शाप नाहीं, पार्श्वसंगीतही नाहीं; दिवाणखान्यांतील कोचावर आई पडलेली आहे. जिच्या हाताला देवदानवांचें बळ आहे त्या मुलीला येथें मारावयास कोणी सांपडत नाहीं.

सहाव्या पर्वांतील वॉरन हा मनुष्य आहे. बुद्धिमान, एकलकोंडा, स्त्रियांनीं आपणांस न विचारल्याचा डंख मनांत धरलेला. पूर्वीच्या प्रेयसीला तो यंत्राच्या साहाय्यानें गुलाम करतो आणि ती शुद्धीवर येऊन जाब विचारते तेव्हां तिला मारतो. पुढें बफीवर सूड उगविण्यास तो पिस्तूल घेऊन येतो. एक भरकटलेली गोळी खिडकींतून जाऊन टाराला लागते. मे २००२ मध्यें दाखविलेला हा प्रसंग पाहतांना जाणवतें कीं, १४४ भागांतील सर्वांत जिव्हारीं लागणारी हत्या कोणत्याही राक्षसानें केलेली नाहीं. टाराची सखी विलो, म्हणजे मालिकेंतील सर्वांत गरीब स्वभावाची मुलगी, मंत्रबळानें वॉरनला गांठून त्याची कातडी सोलते. त्या भागाचें नांव 'व्हिलन्स' असें अनेकवचनी आहे, आणि त्यांत कोणाकोणाला मोजावयाचें तें प्रेक्षकावर सोडलें आहे. विलोच्या मंत्रविद्येला दारूच्या व्यसनाप्रमाणें रंगविण्याचा जो प्रकार तत्पूर्वीं झाला, तो मात्र आम्हांस लेखकांचा भित्रेपणा वाटतो. व्यसनी मनुष्याची कींव करतां येते. विलोची कींव करून तिच्या क्रोधाचा आवांका समजत नाहीं.

आतां स्पाइक. हा विवेकहीन व्हँपायर. सरकारी शास्त्रज्ञ त्याच्या मेंदूंत एक यंत्र बसवितात, त्यामुळें माणसाला इजा करूं गेलें कीं त्यालाच वेदना होतात. हें सद्वर्तन नव्हे, बेडी आहे. पण पुढें तो बफीवर प्रेम करूं लागतो, तिच्या बहिणीचें गुपित राखण्यासाठीं अनन्वित छळ सोसतो. बेडी वाईटापासून रोखते. चांगलें करावयास लावीत नाहीं. मग हें कोणी करविलें? लेखकांनाही ह्या प्रश्नाची धास्ती वाटली असावी, कारण सहाव्या पर्वाच्या अखेरीस तोच स्पाइक बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो, आणि जणूं जुना सिद्धान्त सिद्ध होतो. पण त्यानंतर तो स्वतः आफ्रिकेंत जाऊन, दिव्यें करून, आपला 'सोल' परत मिळवितो. म्हणजे ज्याला लाज वाटूं शकत नाहीं असें आपणांस सांगितलें होतें, तो लाजेनेंच तेथवर गेला! सिद्धान्त सावरावयास गेले आणि तेथेंच त्याला तडा गेला. मग ज्या शेंकडों व्हँपायरांची एव्हांना धूळ झाली, त्यांतल्या एखाद्यालाही अशी वाट सांपडली नसती काय? हा प्रश्न विचारण्याचें धैर्य मालिकेला शेवटपर्यंत झालें नाहीं. तो तिचा सर्वांत मोठा दोष होय.

सातव्या पर्वांतील 'आद्य पाप' हें त्यामानानें फारच फिकें. तें मृतांचीं रूपें घेतें, बोलतें, बुद्धिभेद करितें, पण त्यास कशालाही स्पर्श करतां येत नाहीं. दुष्टपणा अमूर्त केला कीं तो तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शोभतो, कथेंत नाहीं. म्हणून लेखकांना शेवटीं केलेब नांवाचा स्त्रीद्वेष्टा धर्मोपदेशक आणावा लागला. त्याच्या रूपानें त्या पापाला हात मिळाले, तेव्हां कोठें कथेंत धुगधुगी आली.

एक प्रसंग आम्हीं मुद्दाम मागें ठेविला आहे. पांचव्या पर्वाच्या शेवटीं ग्लोरी ही नरकांतून हद्दपार झालेली देवता बेन नांवाच्या एका तरुण डॉक्टराच्या देहांत राहत असते; दोघांचा देह एकच. बफी ग्लोरीला जर्जर करते, तितक्यांत तिच्या जागीं बेन दिसूं लागतो, आणि मनुष्य म्हणून बफी त्यास सोडून देऊन पुढें जाते. मागून जाइल्स येतो. हा ग्रंथांत रमणारा, चहा पिणारा, साऱ्या मालिकेंत आपणांस वडिलांसारखा वाटलेला मनुष्य. बेन जगला तर ग्लोरी परत येईल, हें त्याला ठाऊक आहे. आणि बफी नायिका आहे, तिच्यानें हें होणार नाहीं, हेंही. तो खिशांतून चष्मा काढून नीट डोळ्यांवर चढवितो, जमिनीवर पडलेल्या त्या तरुणाजवळ गुडघे टेंकतो, शांतपणें त्याचें नाक-तोंड तळहातानें दाबून धरतो, आणि श्वास थांबेपर्यंत हात काढीत नाहीं.