फळीवरचे पिस्टन

'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हे नाव वाचून कुणी मिल्खासिंगच्या गोष्टीची वाट पाहत बसला तर त्याची चूक नाही. इथला इंडियन म्हणजे मोटरसायकल. अमेरिकेतल्या इंडियन कंपनीची १९२० सालची स्काउट, आणि तिचा मालक न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या इन्व्हरकारगिल गावचा बर्ट मन्रो. रॉजर डोनाल्डसनचा हा २००५ सालचा चित्रपट बाइकवेड्यांच्या ग्रुपवर कुणी ना कुणी सुचवतोच. मीही तसाच पाहिला. आवडला, म्हणून पुन्हा दोनदा पाहिला, आणि दरवेळी एक तक्रार वाढत गेली: या चित्रपटाला म्हातारा आवडतो, त्याचं इंजिन नाही.

सुरुवातीचा अर्धा तास मात्र झकास आहे. अँथनी हॉपकिन्सचा मन्रो घर म्हणून एका शेडमध्ये राहतो. स्वयंपाकघरातल्या सुरीने टायरची नक्षी तासून काढतो, ब्रँडीच्या बाटलीचं बूच पेट्रोलच्या टाकीला लावतो. शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर फुटलेले पिस्टन, तुटके भाग मांडून ठेवलेत, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून. फळी खरी होती. कॅमेरा तिच्यावर रेंगाळतो आणि वाटतं, आता गोष्ट सुरू होईल.

ती होत नाही. मन्रो बोटीत बसतो आणि चित्रपट प्रवासाला लागतो.

फळीवर खरं काय होतं ते बघा. मूळ स्काउटचं इंजिन ६०० सीसीचं, वेग जास्तीत जास्त ताशी ५५ मैल, म्हणजे ८८-८९ किलोमीटर. १९२६च्या सुमारास मन्रोने ते उघडलं आणि पुढची चाळीस वर्षं ते खऱ्या अर्थाने कधी बंद केलंच नाही. इंजिनातून जास्त ताकद काढायची तर दर मिनिटाला जास्त हवा-पेट्रोल आत घ्यावं लागतं आणि ते जास्त दाबून जाळावं लागतं. स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, हवा वळसा घालून आत यायची. मन्रोने ते सिलिंडरच्या डोक्यावर आणले. पिस्टन जुन्या डब्यांत स्वतः ओतले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या एका अ‍ॅक्सलमधून कोरून काढले.

आणि इथेच खरी गंमत आहे. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की रॉडवरचा ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे पिस्टन मजबूत केला, फेरे वाढवले, की रॉड जातो. रॉड सुधारला की आणखी काहीतरी. प्रत्येक सुधारणा पुढच्या मोडतोडीचा पत्ता देते. जुनं इंजिन 'मॉडिफाय' करणं म्हणजे हेच: सगळ्यात कच्चा भाग शोधायचा, तो पक्का करायचा आणि आता कच्चा कोण ते कळण्यासाठी पुन्हा फोडायचं. (आपल्या गल्लीत सायलेन्सर बदलला की त्यालाही मॉडिफायच म्हणतात. असो.) त्या फळीवर अपयशं नव्हती, ती मन्रोची वही होती.

चित्रपट ही वही उघडत नाही. त्याऐवजी अमेरिकेत मन्रोला एकामागून एक भली माणसं भेटत राहतात. मोटेलची टीना, जुन्या गाड्या विकणारा, एक विधवा बाई. जेक नावाचा मूळ अमेरिकन गृहस्थ त्याला दुखण्यावर पूड देतो. ज्या लोकांवरून मोटरसायकलचं नाव आलं, त्यांच्यातला हा एक माणूस, आणि त्याच्या वाट्याला एवढाच विनोद. हॉपकिन्समुळे हे सगळं गोड वाटतं, पण या माणसांपैकी कुणीही विचारत नाही की हे इंजिन चालतं कसं.

मग बॉनव्हिल. युटामधलं मिठाचं सपाट मैदान, आणि पहिल्याच खेपेत चित्रपटातला मन्रो ताशी २०० मैलांच्या पुढे. टाळ्या. प्रत्यक्षात तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. १९६२ साली ८५० सीसीवर ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम. १९६६ साली इंजिन ९२० सीसीचं झालं आणि वेग १६८.०७. मोठं इंजिन, कमी वेग! विक्रम तोही, पण वरच्या वर्गातला. कल्पना करा: चार वर्षं खपून माणूस दहा मैल मागे आलाय, वय ६७, आणि तो घरी जाऊन पुन्हा इंजिन उघडतो. मला तो प्रसंग हवा होता. पटकथेत त्याला जागा नाही, कारण तिला एकच खेप परवडते.

डोनाल्डसनला हे माहीत नव्हतं असं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने खुद्द मन्रोवर माहितीपट केला होता आणि त्याचं नावच त्या फळीवरून घेतलं होतं. म्हणूनच राग येतो. फळी ओळखणाऱ्या माणसाने पुढे तिची शोभेची वस्तू केली.

१९६७ साली ९५० सीसीवर, ६८व्या वर्षी, मन्रोने तो विक्रम केला. नोंद झाली ताशी १८३.५८६ मैल. मन्रो १९७८ साली गेला. २०१४ साली त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की दोन फेऱ्यांची सरासरी काढताना हिशेब चुकलाय. नोंद दुरुस्त झाली: १८४.०८७. अर्धा मैल वाढला.