तक्त्यात न मावणारे जीवनसत्त्व

न्हावा-शेवा परिसरातील एका शाळेत आम्ही जीवनसत्त्वांचा तक्ता पाहिला. अ – रातांधळेपणा, ब – बेरीबेरी, क – स्कर्व्ही, ड – मुडदूस. यात चूक नाही. पण ‘ब’ हा आठ जीवनसत्त्वांचा गट आहे, हे कळत नाही. आणि हे सारे कसे समजले, हा प्रश्नही मुलांना पडत नाही.

उदाहरण समोरच्या मुंबईतलेच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स तेथे आल्या. गरीब गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणात होणारा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने गुण आला. ही माहिती १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला गुणकारी घटक म्हणजे ब-गटातील फोलिक आम्ल, हे पुढे उलगडले. डीएनए तयार होताना ते लागते. ते कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही.

तक्ता काढून टाकू नये. त्यात ‘हे कसे कळले?’ असा रकाना जोडावा. मग मुलांना विचारावे: पालेभाजी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले, तर त्याबरोबर काय जाते?