पोस्टरवरचे ठळक वाक्य आणि त्यामागचा पुरावा



पोस्टर हा संशोधन मांडण्याचा सर्वांत आटोपशीर प्रकार आहे. ए-शून्य आकाराचा एक कागद, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, आणि शेजारी उभे तुम्ही. आटोपशीर आहे म्हणून तो सोपाही मानला जातो आणि प्रकल्प संपल्यावर उरलेल्या दोन दिवसांत उरकला जातो. या पाठात आपण पोस्टर सजवायचे कसे हे पाहणार नाही. त्यासाठी तयार साचे भरपूर मिळतात. संगणक-शिक्षणाच्या परिषदेतले पोस्टर चांगले की कच्चे हे कशावरून ठरवायचे, एवढाच आपला विषय आहे. दुसऱ्याचे पोस्टर असे पारखता आले, की स्वतःचे तयार करताना काय टाळायचे ते आपोआप कळते.

१. परीक्षकाच्या हाती काय पडते?

संगणकशास्त्र कसे शिकले आणि शिकवले जाते, याचा अभ्यास करणारी स्वतंत्र संशोधनशाखा आहे. एसीएम या संघटनेच्या संगणक-शिक्षण गटाचा 'सिगसी' परिसंवाद १९७० पासून भरतो. 'इटिक्सी' ही परिषद १९९६ मध्ये सुरू झाली. फिनलंडमध्ये 'कोली कॉलिंग' भरते, तर भारतात एसीएम इंडियाची 'कॉम्प्युट' परिषद आहे. अशा परिषदांत पोस्टरसाठी वेगळा विभाग असतो. तिथे पूर्ण शोधनिबंधाइतका पुरावा मागितला जात नाही. चालू असलेले कामही मांडता येते.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. निवड करताना परीक्षकांपुढे बहुधा रंगीत पोस्टर नसतेच. त्यांच्यापुढे असतो एक-दोन पानांचा सारांश. म्हणजे निवड होते ती लिखाणाची आणि विचाराची; रंगसंगतीची पाळी नंतर येते. पानांची मर्यादा, लेखनाचा नमुना, लेखकांची नावे झाकायची की नाही, हे सारे त्या वर्षीच्या आवाहनात दिलेले असते. ते बदलू शकते, म्हणून वरच्या वर्गातल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. आवाहन स्वतः वाचा.

२. एक कल्पित पोस्टर

आता एका कल्पित पोस्टरचे समीक्षण करू. शीर्षक आहे, 'मराठीतून प्रोग्रामिंग शिकवणारे नावीन्यपूर्ण ॲप'. डावीकडे प्रस्तावना : प्रोग्रामिंग ही आजच्या काळाची गरज आहे. मध्यभागी ॲपचे चार स्क्रीनशॉट आणि वापरलेल्या तंत्रज्ञानाची यादी. उजवीकडे वर्तुळालेख : ९० टक्के विद्यार्थ्यांना ॲप आवडले. तळाशी निष्कर्ष : मातृभाषेमुळे प्रोग्रामिंग सोपे होते.

या पोस्टरमागे कष्ट आहेत आणि विषयही मोलाचा आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास एआयसीटीईने परवानगी दिली. तेव्हा भाषेचा प्रश्न आता खऱ्या वर्गातला प्रश्न आहे. पण हे पोस्टर त्या प्रश्नाला मदत करत नाही. का, ते पाहा.

पहिले, ९० टक्के म्हणजे कितीपैकी किती? वीस जणांपैकी अठरा असतील, तर तसेच लिहायला हवे. शिवाय विचारणारा त्यांचाच वर्गमित्र असेल, तर 'आवडले नाही' असे तोंडावर कोण म्हणेल?

दुसरे, आवडणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तुळालेख पहिलीबद्दल बोलतो आणि निष्कर्ष दुसरीबद्दल.

तिसरे, ॲपमध्ये भाषेखेरीज चित्रे होती, आपल्या गतीने पुढे जाण्याची सोय होती, कदाचित जास्तीचा सरावही होता. मग फरक पडला असेल, तर तो भाषेमुळेच हे कसे ठरले?

चौथे, पोस्टरच्या मध्यभागी शिकणारा विद्यार्थी नाही. तिथे ॲप आहे. हे पोस्टर सॉफ्टवेअर प्रदर्शनात शोभेल. संगणक-शिक्षणाच्या परिषदेत वाचक विचारणार, 'कोणाला काय जमत नव्हते, आणि आता काय जमते?'

३. हा दोष जुनाच आहे

असे फक्त विद्यार्थ्यांच्याच हातून घडते असे नाही. डेव्हिड व्हॅलेंटाइन यांनी २००४ मध्ये सिगसी परिसंवादातील वीस वर्षांच्या निबंधांचा आढावा घेतला. प्रोग्रामिंगच्या पहिल्या दोन अभ्यासक्रमांविषयीचे ४४४ निबंध त्यांनी सहा गटांत विभागले. त्यातल्या एका गटाला त्यांनी 'मार्को पोलो' असे नाव दिले : आम्ही अमुक ठिकाणी गेलो, अमुक पाहिले, एवढेच सांगणारे निबंध. साधने आणि सॉफ्टवेअर यांची ओळख करून देणाऱ्या निबंधांचा गट वेगळा. ज्यांत काही तपासून पाहिले होते असे निबंध जेमतेम एक-पंचमांश भरले.

व्हॅलेंटाइन यांनी अनुभवकथनाला टाकाऊ ठरवले नाही, आणि आपणही ठरवू नये. पण प्रवासवर्णन आणि पुरावा यांतला फरक पोस्टरवर दिसला पाहिजे. आपले काम 'आम्ही हे करून पाहिले' या जातीचे असेल तर तसे म्हणा. त्याला 'सिद्ध झाले'चा मुलामा देऊ नका.

४. मोठ्या अक्षरांचा वाद

२०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने एका व्हिडिओतून पोस्टरचा नवा आराखडा मांडला. त्याचे म्हणणे सरळ होते. पोस्टर छोट्या अक्षरांनी खचाखच भरलेले असते. जाणारा-येणारा वाचत नाही. म्हणून मधल्या मोठ्या जागेत मुख्य निष्कर्ष साध्या भाषेतल्या एका वाक्यात लिहावा, तपशील बाजूच्या पट्टीत द्यावा आणि पूर्ण लेखासाठी क्यूआर कोड ठेवावा. हा आराखडा जगभर पसरला.

त्याची तक्रार रास्त आहे. संपूर्ण सारांश चिकटवलेले पोस्टर म्हणजे उभा केलेला निबंधच. पण या आराखड्यात एक धोका आहे. मोठ्या अक्षरांत 'कदाचित', 'आमच्या वर्गापुरते', 'एवढ्याच विद्यार्थ्यांत' हे शब्द सर्वांत आधी गळतात. वाक्य जितके सुटसुटीत, तितका दावा फुगतो. आणि संगणक-शिक्षणात फुगलेल्या दाव्याची किंमत विद्यार्थी मोजतात. याचे एक बोलके उदाहरण आहे.

५. उंटाची दोन कुबडे

सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी २००६ मध्ये एक टिपण प्रसृत केले. प्रोग्रामिंगच्या वर्गात गुणांचा आलेख दोन कुबडांच्या उंटासारखा दिसतो : ज्यांना जमते ते एकीकडे, ज्यांना जमत नाही ते दुसरीकडे. शिकवणे सुरू होण्यापूर्वीच एका चाचणीने हे दोन गट वेगळे काढता येतात, असा त्यांचा दावा होता. टिपण फार गाजले. एका वाक्यात सांगता येणारा दावा, डोळ्यांपुढे राहणारे चित्र, आणि अनेक शिक्षकांच्या मनातल्या समजुतीला दुजोरा. गाजायला आणखी काय लागते? २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. तोवर आठ वर्षे गेली होती.

पुढे २०१६ मध्ये एलिझाबेथ पॅटिट्सस आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले संगणकशास्त्राच्या गुणांचे ७७८ आलेख संख्याशास्त्रीय कसोटीवर तपासले. एकाहून अधिक उंचवट्यांची शक्यता दिसली ती फक्त ५.८ टक्के आलेखांत. याच अभ्यासात संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांना संदिग्ध आकाराचे आलेख दाखवले होते. काही विद्यार्थ्यांत उपजतच कौशल्य असते असे मानणाऱ्यांना त्यांत दोन उंचवटे दिसण्याचे प्रमाण जास्त होते.

पोस्टर करणाऱ्याने हे विसरू नये. आलेख स्वतः बोलत नाही, बघणारा आपली समजूत त्यात वाचतो. आणि 'काहींना हे जमणारच नाही' हे वाक्य कागदावर निरुपद्रवी दिसले, तरी पहिल्या सत्रात अडखळणाऱ्या मुलीला ते तिच्याविषयीचा निकाल वाटू शकते. शिकवणाऱ्यालाही ते प्रयत्न सोडण्याची सवलत देते.

६. लहान प्रश्नाची ताकद

याउलट दुसरे उदाहरण घ्या. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. 'विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग जमत नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहून थांबता आले असते. पण रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये प्रश्न लहान केला : प्रोग्राम लिहिणे राहू द्या, लिहिलेला प्रोग्राम वाचून त्याचा माग तरी काढता येतो का? अनेकांना तेही नीट जमत नव्हते. अडचण कुठून सुरू होते याचा एक धागा हाती आला, आणि धागा मिळाला की शिकवण्यात काही बदलता येते.

आता आपले कल्पित पोस्टर या रीतीने पुन्हा लिहू. प्रश्न : फॉर लूपचा माग काढताना, सूचना मराठीत असल्यास कोणत्या चुका कमी होतात? पद्धत : एकाच वर्गातल्या २४ जणांना सारख्या काठिण्याचे दोन सराव, अर्ध्यांना आधी मराठी सूचनांचा, मग इंग्रजी, उरलेल्यांना उलट. ॲप नाही, चित्रे नाहीत. बदलते ती फक्त भाषा. समजा, मधले ठळक वाक्य असे निघाले : 'आमच्या २४ जणांत, सूचना मराठीत असताना प्रश्न समजण्यातल्या चुका घटल्या, लूप किती वेळा फिरते यातल्या चुका तशाच राहिल्या.'

हे वाक्य पहिल्या निष्कर्षाहून लहान आहे, पण शिक्षकाच्या उपयोगाचे आहे. भाषेने काय सुटते आणि काय सुटत नाही, दोन्ही त्यात आले. स्क्रीनशॉटच्या जागी आता चुकलेल्या दोन उत्तरांचे नमुने लावा, अर्थात वर्गमित्रांची संमती घेऊन आणि नावे काढून. संमती गुण देणाऱ्या शिक्षकाच्या दबावाखाली घेतलेली नसावी, आणि संस्थेची नीतिविषयक परवानगी लागते का हे मार्गदर्शकांना आधीच विचारावे.

७. सारांश आणि स्वाध्याय

पोस्टरचे मोल ठरते ते एका मापाने : दावा पुराव्याएवढाच आहे का? पदवीच्या विद्यार्थ्यांकडे मोठे नमुने नसतात. पण प्रोग्रामिंग पहिल्यांदा शिकताना नेमके कुठे अडले, हे तुम्हांला अजून ताजे आठवते. शिकवून शिकवून सराईत झालेल्यांना ते आठवणे कठीण जाते. त्यातूनच प्रश्न शोधा.

सारांश पाठवण्यापूर्वी हे करून पाहा.

(अ) मधले वाक्य लिहा. त्यात 'कोण', 'किती' आणि 'काय करताना' यांची उत्तरे आहेत का?

(आ) प्रत्येक टक्केवारीखाली प्रत्यक्ष संख्या लिहा. ती लिहिताना संकोच वाटला, तर टक्केवारी काढून टाका.

(इ) आपल्या निष्कर्षाची भाषेखेरीज, साधनाखेरीज आणखी दोन कारणे शोधा. ती खोडता येत नसतील, तर पोस्टरवर नोंदवा.

(ई) विषय न शिकलेल्या मैत्रिणीला एका मिनिटात पोस्टर समजावून सांगा. तिने विचारलेला पहिला प्रश्न उतरवून घ्या. त्याचे उत्तर पोस्टरवर नसेल, तर पुढची दुरुस्ती तिथूनच सुरू करा.