'अभिजन' या शब्दाविषयीं

अलीकडील समीक्षेंत 'अभिजन' आणि 'बहुजन' ही जोडी पदोपदीं भेटते. दोहोंच्या अखेरीस 'जन' आल्यामुळें 'अभिजन' म्हणजे वरचे लोक, असा समज सहजच होतो. परंतु संस्कृतांत 'अभिजन' म्हणजे मुख्यतः कुळ, वंश. वैयाकरणांनीं तर आणखी एक बारकावा सांगितला आहे: आपण स्वतः राहतों तो निवास, आणि पूर्वज जेथें राहिले तो अभिजन. मुंबईच्या चाळींत उभा जन्म काढलेला मनुष्य 'आमचें गांव रत्नागिरीकडचें' असें सांगतो, तें गांव त्याचा अभिजन होय. या अर्थानें अभिजन कोणाला नाहीं?

उच्च कुळाचा अर्थही जुनाच आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र गीतेच्या 16 व्या अध्यायांत धनाढ्य व 'अभिजनवान' असल्याची फुशारकी आसुरी पुरुषाच्या तोंडीं घातलेली आहे, हेंही विसरूं नये.

आमची तक्रार निराळी आहे. आज ज्यांस अभिजन म्हणतात, ते बहुधा पद, पैसा अथवा इंग्रजी शिक्षण यांच्या बळावर वर आलेले असतात. (आमच्यासारखे प्राध्यापकही त्यांत मोजले जातात!) त्यांना 'अभिजन' म्हणून आपण, त्यांची निंदा करतांनाही, जन्माची थोरवी फुकट बहाल करतों. कुळ सांगावयाचें असेल तेथें 'कुलीन', 'घरंदाज' हे शब्द आहेतच. सत्तेविषयीं बोलावयाचें असेल तेथें 'वरिष्ठ वर्ग' हा साधा शब्द आम्ही पत्करूं.